ठिपक्याला हद्द नसते

कोथरूडमध्ये पावसात रस्त्याचा ओढा होतो, असं आपण सहज म्हणतो. मंडळी, खरं उलटं आहे. टेकड्यांवरून मुठेकडे जाणाऱ्या ओढ्यांच्या वाटेत आपणच रस्ते आणि सोसायट्या आणल्या. हे दाखवून द्यायचं तर नकाशा लागतो.

भारतीय सर्वेक्षण विभाग 1767 पासूनचा, पण नकाशे बराच काळ सरकारी कपाटातच राहिले. 2011 मध्ये इस्रोने देशातल्या पाणथळ जागांचा ॲटलास काढला. त्यात 2.25 हेक्टरहून, म्हणजे साधारण साडेपाच एकरांहून लहान जागा नुसते ठिपके आहेत. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिलं, तेही मोठ्या 2,01,503 जागांना. ठिपक्याला हद्दच नाही, मग अतिक्रमण दाखवणार कसं?

ही हद्द आता आपणही काढू शकतो. क्यूजीआयएस हे मुक्त, फुकट सॉफ्टवेअर. त्यात जुना नकाशा आजच्या उपग्रह चित्रावर बसवता येतो. 2004 साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर ओढा, तळं कुणीही नोंदवू शकतं. 2021 मध्ये केंद्राने नकाशांवरचे निर्बंधही सैल केले.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याने आपली वाट स्वतःच दाखवली, माणसं घेऊन गेला. बाकीच्या ओढ्यांची वाट त्याआधी आपण दाखवू. जुन्या कोथरूडकरांना विचारा, आणि नोंदवा.