विमान उतरण्यापूर्वीची वार्ता

१९४० च्या उन्हाळ्यात दक्षिण इंग्लंडमधील लढाऊ विमानांच्या तळांवर, वैमानिक खाली उतरण्यापूर्वीच त्याची अर्धीअधिक हकीकत जमिनीवरच्या माणसांना समजलेली असे. ही माणसे म्हणजे विमानांत पेट्रोल भरणारे, एंजिनांची निगा राखणारे, मशीनगनींत काडतुसांचे पट्टे बसविणारे कारागीर. आपण सज्ज करून दिलेले विमान घेऊन कोणी वीस-बावीस वर्षांचा तरुण वर गेला, म्हणजे ते मैदानाच्या कडेला कान देऊन उभे राहत. परतणारी विमाने आधी मोजली जात. मग दुसरी परीक्षा होई ती कानांनी. येणारे विमान नुसतेच गुरगुरत येत आहे, की त्या गुरगुरण्याबरोबर एखादी बारीक शीळही ऐकू येत आहे? शीळ ऐकू आली की ओळखावे, वर गाठ पडली होती. गोळ्या झाडल्या गेल्या आहेत.

ही शीळ कोठून येई? स्पिटफायर विमानाच्या त्या वेळच्या जातीत दोन्ही पंखांत मिळून आठ मशीनगनी बसविलेल्या असत. त्यांची तोंडे पंखाच्या पुढच्या कडेला भोकांच्या रूपाने उघडत. आत ओल शिरून उंचावरच्या थंडीत मशीनगनी गोठू नयेत, म्हणून या भोकांवर कापडाचे तुकडे चिकटवीत. पहिल्याच गोळीने ते कापड फाटे आणि उघड्या पडलेल्या भोकावरून वारा वाहू लागे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर घातली की आतली हवा कंप पावून शीळ वाजते. बासरीचे मर्मही तेच. आठ भोकांची ही बासरी कोणी सूर जुळवून केलेली नव्हती. मशीनगन कोरडी ठेवावी एवढाच कापडाचा हेतू होता. वार्ता कळवावी हा नव्हे. तरी वार्ता कळत होती, आणि ती खरी असे.

श्रोतेहो, जुन्या लढाऊ विमानांच्या आवाजाचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. तो आवाज कोणी योजिलेला नव्हता. ज्या शक्तीने विमानाने पुढे जावयाचे, तिचा वाटेत सांडलेला अल्पसा अंश म्हणजे आवाज. पण काय सांडावे आणि कसे सांडावे हे पात्राच्या घडणीवर अवलंबून असते. म्हणूनच प्रत्येक जातीच्या विमानाचा आवाज निराळा होता, आणि ऐकणाऱ्याला त्यावरून आत कोणते यंत्र आहे, ते काय करीत आहे, एवढेच नव्हे तर ते आपले की परके, हेही सांगता येई.

स्पिटफायरचेच उदाहरण घेऊ. त्याचे पहिले उड्डाण ५ मार्च १९३६ रोजी झाले. त्याच्या नाकात रोल्स-रॉइस कंपनीचे मर्लिन नावाचे २७ लिटरचे एंजिन होते. त्याला बारा सिलिंडर. सहा-सहांच्या दोन रांगा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या कलत्या मांडलेल्या. अशा एंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा स्फोट होतो. एंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या करू लागले, म्हणजे सेकंदाला पन्नास फेऱ्या आणि फेरीगणिक सहा स्फोट. एकूण सेकंदाला तीनशे. एवढे स्फोट समान अंतराने होऊ लागले की कानाला ते सुटे ऐकू येत नाहीत. त्यांचा एक सूर होतो. शिवाय ऐकणारा विमानाच्या एका अंगाला असला, तर जवळच्या रांगेचे दीडशे स्फोट त्याला अधिक ठळक ऐकू येतात, आणि तीनशेच्या सुराखाली त्याचाच खर्ज लागतो. मोटारगाडीत हा आवाज लांब नळीतून आणि आवाज गिळणाऱ्या डब्यातून फिरून बाहेर पडतो. येथे तसे काही नव्हते. एंजिनाच्या दोन्ही बाजूंना आखूड धुराडी होती व ती मागे वळविलेली होती, कारण बाहेर फेकल्या जाणाऱ्या वायूचाही विमानाला थोडा रेटा मिळावा. त्यामुळे स्फोट जवळजवळ उघडाच कानावर येई.

दुसरा आवाज प्रॉपेलरचा. मर्लिन एंजिन आणि प्रॉपेलर यांच्यामध्ये दंतचक्रे होती. ती प्रॉपेलरला एंजिनाच्या निम्म्याहूनही कमी वेगाने फिरवीत. तरीसुद्धा सव्वातीन मीटर व्यासाच्या त्या प्रॉपेलरच्या पात्यांची टोके नुसत्या फिरण्यानेच सेकंदाला सुमारे २४५ मीटर धावत, आणि त्यात विमानाचा स्वतःचा वेग मिळाला की ती ध्वनीच्या वेगाच्या पुष्कळ जवळ जात. पात्याचे टोक त्या सीमेला भिडले की हवा बाजूला सरण्याऐवजी दबते आणि तडकते. हार्वर्ड हे शिकाऊ वैमानिकांचे विमान; ते पुढे भारतीय वायुदलातही होते. त्यात दंतचक्रांची मध्यस्थी नव्हती. नऊ फुटी प्रॉपेलर थेट एंजिनावर बसविलेला. पूर्ण जोरात फिरताना त्याची टोके सेकंदाला ३२० मीटरपर्यंत पोहोचत, आणि जाडेभरडे कापड टराटरा फाडावे तसा आवाज मैलभर ऐकू जाई. एंजिन स्पिटफायरच्या मानाने पुष्कळ लहान, पण कोलाहल मोठा, तो यामुळे.

तिसरा आवाज याहून बारीक. उंचावर हवा विरळ, म्हणून एंजिनाला ती दाबून पुरवावी लागे. त्यासाठी आत एक चक्र मिनिटाला पंचवीस हजारांहून अधिक फेऱ्या करी. त्याची किणकिण एंजिनाच्या घनगंभीर सुरावर तरंगत असे. अमेरिकन कोर्सेअर विमानात तर पंखांच्या मुळाशी हवा आत घेणारी तोंडे होती. वेगाने खाली येताना त्यांतून अशी शीळ निघे की त्या विमानाला ‘शीळ घालणारा मृत्यू’ हे नाव पडले.

आता विमान डोक्यावरून गेले की त्याचा सूर एकाएकी का उतरतो? आगगाडीची शिट्टी स्टेशनावरून जाताना जशी उतरते, तसाच हा प्रकार आहे. ऑस्ट्रियातील क्रिस्टियान डॉपलर या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये त्याची उपपत्ती सांगितली. जवळ येणाऱ्या वस्तूच्या ध्वनिलहरी दाटीने कानाशी येतात, दूर जाणाऱ्या वस्तूच्या विरळ होत येतात. आगगाडीचा वेग बेताचा, म्हणून तिचा सूर थोडासाच उतरतो. विमान ध्वनीच्या एक-तृतीयांश वेगाने, म्हणजे ताशी सुमारे ४१० किलोमीटर वेगाने, अगदी जवळून गेले, तर हिशेबाने बरोबर एक सप्तक उतरते. येताना तार षड्ज, जाताना मध्य षड्ज. जुन्या विमानांची ही उतरण पुष्कळांच्या मनाला चटका लावते. तिच्यामागे एवढे साधे गणित आहे.

या आवाजातला खंडही बोलका असे. मर्लिन एंजिनाला पेट्रोल पुरविणाऱ्या भागात तरंगता गोळा होता. वैमानिकाने विमानाचे नाक एकदम खाली दाबले की पेट्रोल वर उसळे आणि एंजिन क्षणभर श्वास सोडी. शत्रूच्या मेसरश्मिट १०९ विमानातील एंजिन उलटे टांगलेले होते आणि त्याच्या सिलिंडरांत पेट्रोल पिचकारीने थेट सोडले जाई. त्याला ही खोड नव्हती. म्हणून जर्मन वैमानिक सूर मारून निसटे आणि पाठलाग करणाऱ्या इंग्रजाचे एंजिन ऐन वेळी अडखळे. १९४१ मध्ये फार्नबरोच्या संशोधनसंस्थेतील बिॲट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी पेट्रोलच्या वाटेत छिद्राची एक लहानशी चकती बसवून हा दोष बराचसा आवरला. नखाएवढ्या चकतीने पुष्कळांचे प्राण वाचविले असतील.

आवाजावरून शत्रू ओळखण्याची धडपड याच्याही आधीची. केंटच्या किनाऱ्यावर डंजनेसजवळ १९२८ ते १९३० या काळात काँक्रीटचे प्रचंड ध्वनि-आरसे बांधले गेले. त्यांतली एक वक्राकार भिंत २०० फूट लांब आहे. समुद्रावरून येणारा आवाज या आरशांनी एकवटावा आणि तेथे बसलेल्या माणसाने तो ऐकून इशारा द्यावा, अशी ती योजना. पण हिशेब करून पाहा. पंचवीस किलोमीटरवरचा आवाज कानी येण्यास सव्वा मिनिट लागते. ताशी ४०० किलोमीटर वेगाचे विमान तेवढे अंतर पावणेचार मिनिटांत काटते. म्हणजे हाती उरतात अडीच मिनिटे. आणि लढाऊ विमानाला उंची गाठण्यासच त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. विमानांचा वेग वाढत गेला तसे हे आरसे बहिरे ठरले. फेब्रुवारी १९३५ मध्ये रेडिओलहरींनी विमान हुडकता येते हे सिद्ध झाले आणि रडारचे युग आले. परंतु इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे रडार समुद्राकडे तोंड करून होते. शत्रू एकदा किनारा ओलांडून आत शिरला की त्याचा माग काढावयाचा तो ऑब्झर्व्हर कोअरच्या स्वयंसेवकांनी. दिवसा दुर्बिणीने, आणि ढगांत किंवा रात्री केवळ कानांनी.

रात्रीच्या त्या आवाजाची आठवण लंडनवासीयांनी पुढे वर्षानुवर्षे जपली. जर्मन बाँबर विमानांचा घोष सलग नसे. तो चढउतार घेत, हेलकावत येई. याचे कारण तंबोरा जुळविणाऱ्याला सहज समजेल. दोन तारा अगदी जवळच्या सुरांत असल्या पण एक झालेल्या नसल्या, की आवाजात आंदोलने उठतात. विमानाच्या दोन एंजिनांच्या फेऱ्यांत थोडा फरक असला की तेच घडते. तंबोऱ्यावर जे आंदोलन सूर मिळत आल्याची खूण, तेच तळघरात मुलाबाळांना पोटाशी धरून बसलेल्या माणसांना मृत्यूची चाहूल वाटे.

हे सर्व आवाज अहेतुक. एक आवाज मात्र मुद्दाम निर्माण केला गेला. जर्मनीचे युंकर्स ८७, ज्याला स्टुका म्हणत, हे लढाऊ नव्हे तर सूर मारून बाँब टाकणारे विमान. त्याच्या चाकांच्या खांबांवर वाऱ्याने फिरणारे भोंगे बसविण्यात आले. हेतू एकच, खालच्या माणसांची गाळण उडावी. पोलंड आणि फ्रान्समध्ये तो हेतू साधलाही. पण भोंग्यांमुळे विमानाचा वेग घटे आणि शत्रूला आगाऊ सूचना मिळे. शेवटी ते पुष्कळ विमानांवरून काढून टाकावे लागले. भिवविण्यासाठी रचलेला आवाज असा अल्पायुषी ठरला.

या आवाजांशी आपल्या परिचयाची दोन नावेही जोडलेली आहेत. ब्रिटिश वायुदलाचे १५२ क्रमांकाचे पथक ‘हैदराबाद’ हे नाव धारण करून १९४० मध्ये डॉर्सेटमधील वॉर्मवेलच्या तळावरून स्पिटफायर उडवीत होते. १२४ क्रमांकाचे ‘बडोदा’ पथक १९४१ मध्ये स्पिटफायरवरच उभे राहिले. संस्थानांनी युद्धकार्यासाठी दिलेल्या देणग्यांची ती खूण. ज्या प्रजेच्या करांतून तो पैसा उभा राहिला, तिच्यापैकी फारच थोड्यांनी ही विमाने ऐकली असतील.

आवाज हेही इतिहासाचे एक साधन आहे, पण ते सहज फसवू शकते. १९६९ मधील ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या चित्रपटात मेसरश्मिट म्हणून जी विमाने उडाली, ती स्पेनमध्ये बांधलेली होती आणि त्यांच्या नाकात मर्लिन एंजिने होती. चित्रीकरणाच्या मैदानावर शत्रूचा वेश जर्मन होता, कंठ मात्र इंग्रज. त्याहून मौज अशी की खऱ्या मेसरश्मिटच्या पहिल्या नमुन्याने १९३५ मध्ये पहिले उड्डाण केले, तेही रोल्स-रॉइसच्याच केस्ट्रेल एंजिनावर.

ब्रिटिश वायुदलाने १९५७ मध्ये जुनी विमाने जपण्यासाठी एक तुकडी स्थापन केली. स्पिटफायर आणि हरिकेन तिच्यामुळे आजही समारंभांत ऐकू येतात. तेच एंजिन, तोच खर्ज, तीच सप्तकाची उतरण. लोक माना वर करून ऐकतात आणि सुखावतात. मात्र त्या आवाजात आज वार्ता नाही. विमान परत येणार हे सर्वांना ठाऊक असते. १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० या काळात इंग्लंडच्या लढाऊ विमानदलातील पाचशेहून अधिक माणसे मारली गेली. त्यांच्यापैकी प्रत्येकासाठी कोणीतरी मैदानाच्या कडेला कान देऊन उभा होता. पथकांच्या दफ्तरांत उड्डाणाची वेळ, परतण्याची वेळ, झाडलेल्या गोळ्या यांची नोंद सापडते. पेट्रोल संपण्याची वेळ टळून गेल्यावरही तो कारागीर आणखी किती वेळ ऐकत उभा राहिला, याला दफ्तरात रकाना नाही.