हवा कमी, चाक मोठे

परवा अँकरेजहून नातवाचा फोन आला. त्याने दोन मित्रांबरोबर एक जुने 'सुपर कब' विमान भागीत घेतले आहे, हे घरच्यांना ठाऊक आहेच (आणि त्यावरून आमच्या लेकीने धरलेला अबोलाही!). आता तिघांत वाद जुंपलाय तो चाकांवरून. २६ इंची टायर घ्यायचे की ३१ इंची? "आजोबा, तुम्ही इतिहासाचे मास्तर, तुम्हीच सांगा." झाले, आठवडाभर वाचत बसलो.

अलास्कात रस्ते फार थोडे. राजधानी जूनोलासुद्धा बाहेरून मोटारीने जाता येत नाही. फेब्रुवारी १९२४ मध्ये कार्ल बेन आयल्सनने फेअरबँक्सहून मॅक्ग्राथला विमानाने टपाल नेले. कुत्र्यांच्या गाडीला जिथे अडीच-तीन आठवडे लागत, तिथे तो तीन तासांच्या आत पोचला. परतताना मात्र अंधार पडला आणि उतरताना विमान उलटले. पुढेही मोडतोड होत राहिली, तेव्हा टपालखात्याने त्याच वर्षी काम थांबवले. उडणे जमले होते, अडत होते ते उतरणे.

हिवाळ्यात बर्फावर लाकडी पट्ट्या चालत. उन्हाळ्यात काय? टुंड्रा म्हणजे खाली गोठलेली जमीन आणि वर शेवाळाची ओली गादी. नदीकाठी गोटेच गोटे. वाल्डीझच्या बॉब रीव्हने तर कमालच केली. त्याला उन्हाळ्यातही हिमनद्यांवर उतरायचे असे, म्हणून ओहोटीच्या चिखलातून तो त्या पट्ट्यांवरच विमान घसरवत उडवी! १९३७ मध्ये त्याने वॉशबर्न आणि बेट्स या गिर्यारोहकांना वॉल्श हिमनदीवर सोडले. ऊन इतके की बर्फाचा लगदा झालेला. विमान रुतले ते काही दिवस निघेना. कसाबसा सुटल्यावर तो पुन्हा तिकडे फिरकला नाही. त्या दोघांनी लुकानिया शिखर सर केले आणि चालत बाहेर आले. ही गोष्ट वर्गात सांगायला मिळाली असती तर नववी 'ब' सुद्धा गप्प बसली असती.

चाकांवरचा उपाय तोवर निघाला होता. १९२९ च्या सुमारास गुडइयरने 'एअरव्हील' आणले. मधला भाग अगदी लहान, रबर मेदूवड्यासारखे गुबगुबीत आणि आत हवा थोडी. कबसारख्या हलक्या विमानांना ते शोभले. पुढे अलास्काच्या वैमानिकांनी तोच वडा वाढवत नेला, आता ३५ इंचांपर्यंतही मिळतो.

गणित सातवीचे आहे. सुपर कबचे भरलेले वजन १७५० पौंड. टायरमधला दाब २४ वरून ८ वर आणला तर तेच वजन साधारण तिप्पट जागेवर पसरते. चाक रुतत नाही, गोट्यांवरून चढून जाते, पंखा दगडांपासून उंच राहतो. शिवाय विमानाचे नाक वर उचललेले राहते, म्हणून कमी वेगात टेकता येते.

पण फुकट काही नाही. मोठे चाक जड, वाऱ्याला आडवे येणारे, म्हणजे वेग कमी आणि पेट्रोल जास्त. मऊ रबर डांबरी धावपट्टीवर भराभर झिजते. जमिनीवर नाक वर असल्याने समोरचे दिसत नाही. मला सर्वांत धास्ती वाटते ती निराळीच. चाके मोठी झाली की माणसाला कुठेही उतरता येईलसे वाटू लागते. वाळूचा पट्टा तीनशे फुटांचा असेल तर चाक कितीही मोठे असो, तो तीनशेच राहतो.

नातवाला विचारले, "वर्षातून किती वेळा नदीपात्रात उतरणार?" म्हणाला, "दोन-तीनदा. बाकी डांबरीच." मी २६ म्हटले. दोघे मित्र ३१ वर अडले होते. लेकीने अबोला मोडून फोन घेतला आणि चाकांबद्दल अक्षरही न बोलता विचारले, "उतरायची जागा आधी चालत जाऊन बघता का रे?" पलीकडे बराच वेळ शांतता होती.

काल फोटो आला. २६ चेच बसवलेत. फोटोत विमानाशेजारी नातू उभा आहे, पायात गुडघ्यापर्यंत चिखल.