ए. ट्रायलिस्ट आणि इतर मंडळी

एक कोडं घालतो. स्कॉटलंडच्या फुटबॉलमध्ये सर्वात जास्त क्लबांकडून, सर्वात जास्त जागांवर आणि सर्वात जास्त वर्षं खेळलेला खेळाडू कोण? उत्तर : ए. ट्रायलिस्ट.

हा तिथला जुना विनोद आहे. स्कॉटिश लीगच्या खालच्या विभागांत खूप वर्षं असा नियम होता की करार न केलेला खेळाडूही चाचणी म्हणून थेट लीगच्या सामन्यात उतरवता येत असे. सराव सामन्यात नाही हं, खऱ्याखुऱ्या, गुणतक्त्यात मोजल्या जाणाऱ्या सामन्यात! पोरगा चांगला निघाला तर दुसऱ्या क्लबाने पळवू नये म्हणून त्याचं नाव झाकून ठेवायचं. मग दुसऱ्या दिवशीच्या पेपरात संघाच्या यादीत 'ट्रायलिस्ट', नाहीतर 'न्यूमन', नाहीतर 'एस. ओ. एल्स' असं छापून यायचं. (शेवटचं नाव मोठ्याने म्हणून पाहा, म्हणजे गंमत कळेल.) कुणी सुतार, कुणी पोस्टमन, कुणी कॉलेजचा पोरगा. शनिवारी दुपारी नव्वद मिनिटं खेळला, एखादा गोलही मारला, आणि इतिहासात त्याची नोंद काय, तर 'कुणीतरी एक'.

कामानिमित्त काही वर्षं ग्लासगोत होतो तेव्हा एका धर्मादाय दुकानात बुटांच्या खोक्यात भरलेले जुने प्रोग्रॅम मिळाले होते. तेव्हापासून हा नाद लागला. प्रोग्रॅम म्हणजे सामन्याच्या दिवशी मैदानाच्या दारावर विकली जाणारी छोटी पुस्तिका. मोठ्या क्लबांची गुळगुळीत, रंगीत. खालच्या लीगमधल्या क्लबांची मात्र आठ-बारा पानांची, दोन पिना मारलेली, शाई बोटांना लागणारी. आत चेअरमनचं मनोगत (छप्पर गळतंय, कृपया लॉटरीची तिकिटं घ्या), पाहुण्या संघाची चार-चार ओळींत ओळख, गावातल्या खाटकाची, टॅक्सीवाल्याची आणि पबची जाहिरात, आणि आजचा चेंडू कुणी प्रायोजित केला त्याचे आभार. अख्खा सामना नव्हे, फक्त चेंडू!

आणि एक गोष्ट आता कुणाला सांगूनही पटत नाही. मध्यंतराला इतर मैदानांवरचे स्कोअर दाखवायला एक फळा असायचा. त्यावर संघांची नावं नसत, नुसती अक्षरं असत. ए : १-०, बी : ०-२, असं. ए म्हणजे कोणता सामना हे फक्त प्रोग्रॅममध्ये छापलेलं असे. म्हणजे प्रोग्रॅम घेतला नसेल तर शेजाऱ्याच्या खांद्यावरून डोकवायचं. धंद्याची ही युक्ती मला फार आवडते. मोबाईल आले आणि ती अक्षरं निरर्थक झाली.

संग्राहकांच्या जगात कोरा प्रोग्रॅम महाग आणि लिहिलेला स्वस्त. माझं मत नेमकं उलटं आहे. कुणीतरी पावसात उभं राहून पेन्सिलीने नऊ नंबरचं छापील नाव खोडलंय, बाजूला बदली खेळाडूचं लिहिलंय, गोलची मिनिटं टिपलीयत, शेवटच्या गोलपाशी पेन्सिल रागाने दाबल्यामुळे कागद फाटलाय... छापलेला प्रोग्रॅम सामन्याच्या आधी तयार होतो. त्या दुपारी काय घडलं ते फक्त त्या पेन्सिलीलाच ठाऊक असतं.

प्रोग्रॅमचे मोठे भाऊ म्हणजे इयरबुकं. १९५५ पासून ह्यू टेलर नावाचा पत्रकार 'स्कॉटिश फुटबॉल बुक' काढत असे, ते चित्रांचं, वाचायचं. ग्लासगोच्या 'इव्हनिंग टाइम्स'चं 'वी रेड बुक' खिशात मावणारं. पबमधला वाद मिटवायला उपयोगी. आणि १९७० मध्ये सुरू झालेलं रॉथमन्स इयरबुक म्हणजे वीटच. सिगरेट कंपनीच्या पैशावर चालणारं खेळाचं पुस्तक! २००३ मध्ये ते नाव गेलं आणि टीव्ही कंपनीचं आलं. इंग्लंडच्या क्लबांनंतर मागे स्कॉटलंडचा विभाग असे. त्यात रेंजर्स असो नाहीतर ब्रेकिन सिटी, प्रत्येकाच्या वर्षभराच्या सामन्यांचा हिशोब त्याच बारीक टायपात. आयुष्यात दुसरीकडे कुठेही ब्रेकिनला रेंजर्सशेजारी इतक्या समानतेने बसवलेलं मी पाहिलेलं नाही.

नावं तरी काय एकेक! काउडनबीथ, स्टेनहाउसम्युर, स्ट्रॅनरार. रेथ रोव्हर्स आहे पण रेथ नावाचं गाव नाही, क्लब कर्कॉल्डीचा. क्वीन ऑफ द साउथ नावाचंही गाव नाही, तो डम्फ्रीजचा. बेरिक रेंजर्स स्कॉटिश लीगमध्ये खेळायचे पण त्यांचं गाव इंग्लंडमध्ये! ईस्ट फाइफ आणि फॉरफर या दोन नावांना चार आणि पाच या इंग्रजी आकड्यांशी जोडून तिथे एक बोबडी वळवणारं वाक्य केलेलं आहे, आपल्या कच्च्या पापड-पक्क्या पापडासारखं. (२०१८ मध्ये या दोघांचा सामना पेनल्टींवर गेला आणि खरोखरच ५-४ असा सुटला. अख्ख्या देशाने सुट्टी घ्यायला हवी होती.) ही नावं ब्रिटनभर माहीत झाली ती फुटबॉलच्या सट्ट्याच्या कुपनांमुळे आणि रेडिओमुळे. जेम्स अलेक्झांडर गॉर्डन हा एडिंबराचा माणूस १९७४ पासून जवळजवळ चाळीस वर्षं बीबीसीवर निकाल वाचत असे. पहिल्या संघाचं नाव तो ज्या सुरात घेई त्यावरून तो जिंकला की हरला हे आकडा ऐकायच्या आधीच कळायचं.

या इयरबुकांत विक्रमांचं एक पान असतं आणि तिथे छोटे क्लब अचानक राजे होतात. १२ सप्टेंबर १८८५ ला आर्ब्रोथने बॉन अ‍ॅकॉर्डला ३६-० हरवलं, त्यातले तेरा गोल जॉकी पेट्रीचे. त्याच दिवशी डंडी हार्पने अ‍ॅबर्डीन रोव्हर्सवर ३५ चढवले आणि तरी ते दुसरेच राहिले! एअरच्या जिमी स्मिथने १९२७-२८ मध्ये दुसऱ्या विभागात ३८ सामन्यांत ६६ गोल केले. आजही त्या देशात एका लीग हंगामात एवढे कुणी केलेले नाहीत. १९३८ मध्ये ईस्ट फाइफने दुसऱ्या विभागात असताना स्कॉटिश कप जिंकला. आणि २८ जानेवारी १९६७ ला बेरिकने बलाढ्य रेंजर्सना कपमधून १-० ने बाहेर काढलं. गोल सॅमी रीडचा. बेरिकचा गोलकीपर आणि मॅनेजर एकच माणूस, जॉक वॉलेस. पुढे १९७२ मध्ये तोच रेंजर्सचा मॅनेजर झाला. पण त्या सामन्यात रेंजर्सकडून पुढे खेळलेल्या फॉरेस्ट आणि मॅक्लीन या दोघांना क्लबाने पुन्हा कधी आपल्या संघात खेळवलं नाही. एका पराभवाचं बिल दोघांच्या नावावर फाडलं.

जुन्या याद्या वाचताना मध्येच एखादं नाव पुढच्या काळातून हात हलवतं. १९५८ च्या आसपास क्वीन्स पार्कच्या यादीत एक ए. फर्ग्युसन दिसतो, सोळा-सतरा वर्षांचा. पुढचे सर अ‍ॅलेक्स. १९७४ मध्ये तो पहिल्यांदा मॅनेजर झाला तो ईस्ट स्टर्लिंगशरचा. आठवड्याला चाळीस पौंड, आणि गेला तेव्हा संघात जेमतेम आठ खेळाडू, त्यात गोलकीपर नाहीच. हाच ईस्ट स्टर्लिंगशर २००३ पासून सलग पाच हंगाम तळाला राहिला. २००३-०४ मध्ये ३६ सामन्यांत ८ गुण. क्वीन्स पार्क तर १८६७ पासून २०१९ पर्यंत हौशी. कुणालाही पैसा मिळणार नाही हे तत्त्व. २०१२-१३ मध्ये त्यांच्याकडून चौथ्या पायरीवर फुकट खेळणारा अँडी रॉबर्टसन २०१९ मध्ये लिव्हरपूलकडून युरोपचा विजेता झाला.

आपला एक माणूसही या कथेत आहे. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम. १९३६ मध्ये तो ग्लासगोला गेला आणि सेल्टिकच्या राखीव संघाकडून खेळला, पायाला नुसत्या पट्ट्या बांधून, बुटांशिवाय. पेपरांनी डोक्यावर घेतलं. पण त्याला घरची ओढ लागली आणि तो परत आला. राखीव संघाचे सामने मोठ्या इयरबुकांच्या हिशोबात येत नाहीत, त्यामुळे त्या आकड्यांत सलीम नाहीच. पुढे तो म्हातारा झाल्यावर त्याच्या मुलाने सेल्टिकला पत्र लिहिलं, वडील आजारी आहेत, उपचारांना पैसे हवेत. पैसे खरं तर नको होते. वडील त्यांच्या आठवणीत अजून आहेत का, एवढंच त्याला पाहायचं होतं. क्लबाकडून शंभर पौंड आले. ते त्याने वटवले नाहीत, जपून ठेवले.

क्लबही मरतात. थर्ड लॅनार्क हा १८७२ मध्ये सैनिकी स्वयंसेवकांनी काढलेला संघ. १८८९ आणि १९०५ ला कप, १९०४ ला लीग. १९६०-६१ च्या हंगामात लीगमध्ये बरोब्बर शंभर गोल करून तिसरे आले. आणि सहा वर्षांत संपले! २८ एप्रिल १९६७ ला डम्बार्टनमध्ये ५-१ ने हरले, तो एक गोल ड्रू बझबीचा, थर्ड लॅनार्कच्या इतिहासातला शेवटचा. सरकारी चौकशी झाली, संचालकांच्या कारभाराचे धिंडवडे निघाले, काहींना दंड झाला. दंड भरून क्लब परत येत नाही. ग्लासगोत कॅथकिन पार्कला त्यांच्या प्रेक्षकांच्या पायऱ्या अजून आहेत, मधून झाडं वाढलीयत, आणि पोरं खेळतात. त्या शेवटच्या हंगामाचे प्रोग्रॅम पाहिले तर मरणाची चाहूल कागदावर दिसत नाही. जाहिराती तशाच आणि 'पुढच्या हंगामात भेटू'चा सूरही तसाच.

२००२ मध्ये एअरड्रिओनियन्स बुडाला, मग तिथल्या लोकांनी कर्जात रुतलेला क्लाइडबँक विकत घेऊन गाव आणि नाव बदलून टाकलं. म्हणजे एक मेला आणि दुसऱ्याला पुरला. (ज्या क्लाइडबँकमधून डेव्ही कूपरसारखा जादूगार निघाला तो हा.) रिकाम्या जागेवर ग्रेटना आला. एका श्रीमंत माणसाच्या पैशावर २००६ मध्ये कपची अंतिम फेरी, २००७ मध्ये थेट वरची लीग आणि २००८ मध्ये विसर्जन. त्यांचा केनी ड्यूकर हा डॉक्टर होता, खराखुरा, औषधं देणारा, आणि एका हंगामात सहा हॅट्‌ट्रिक करून बसला! पूर्वी तळाला राहिलं तरी कुणी बाहेर काढत नसे. २०१५ पासून खालच्यांशी झुंजावं लागतं. ईस्ट स्टर्लिंगशर २०१६, बेरिक २०१९, ब्रेकिन २०२१, काउडनबीथ २०२२, अल्बियन रोव्हर्स २०२३. एकेक करत राष्ट्रीय लीगमधून उतरले. न्याय्य आहे, मान्य. पण मला ती यादी वाचवत नाही.

मॉर्टनचा अ‍ॅलन मॅक्ग्रॉ. १९६३-६४ च्या हंगामात त्याने ५८ गोल केले. आकडा इयरबुकात आहे. त्या आकड्यासाठी गुडघ्यांत किती कॉर्टिझोनची इंजेक्शनं गेली ते तिथे नाही. पुढे तो त्याच क्लबाचा मॅनेजर झाला, बारा वर्षं, आणि शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया होऊन काठ्यांवर चालू लागला. दुखऱ्या पायात सुई टोचून मैदानात उतरवणं तेव्हा सर्रास होतं.

आणि डोकं? २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या डॉ. विली स्ट्युअर्ट आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९०० ते १९७६ या काळात जन्मलेले ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिक खेळाडू घेतले, त्यांच्याच वयाच्या, तशाच वस्तीतल्या तेवीस हजार सामान्य लोकांशी तुलना केली. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण खेळाडूंत साडेतीनपट निघालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सेल्टिकचा महान कर्णधार बिली मॅक्नील स्मृतिभ्रंशाने गेला होता.

मला त्या अभ्यासात खिळवून ठेवणारी गोष्ट वेगळीच. हे साडेसात हजार लोक सापडले कसे? सरकारदरबारी 'हा फुटबॉल खेळायचा' अशी नोंद नसते. ती नावं आणि जन्मतारखा आल्या हॅम्पडनच्या फुटबॉल संग्रहालयातल्या कागदांतून आणि वर्षानुवर्षं खेळाडूंच्या याद्या करत बसलेल्या हौशी माणसांच्या नोंदींतून. ज्यांना बायका-पोरं 'काय तो कचरा साठवलाय' म्हणत असणार, त्यांच्या वह्यांतून! मृत्यूच्या नोंदींशी त्या जुळवल्या आणि चित्र उभं राहिलं. २०२१ मध्ये त्याच गटाने खेळाडूची जागा लावून पुन्हा पाहिलं. गोलकीपरचा धोका सामान्य माणसाएवढाच, बचावपटूचा जवळजवळ पाचपट. चेंडू डोक्याने मारणं कुणाच्या वाट्याला जास्त येतं ते उघड आहे. कोण कुठे खेळायचं, ही माहिती म्हणजे एरवी फक्त आमच्यासारख्या रिकामटेकड्यांच्या चर्चेचा विषय. २०२० मध्ये तिथल्या लहान मुलांच्या सरावातून हेडिंग बंद झालं, २०२२ मध्ये व्यावसायिक क्लबांनाही सामन्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी ते करायला मनाई झाली.

आता अनेक छोटे क्लब प्रोग्रॅम छापत नाहीत, करोनानंतर तर आणखी कमी. छपाई परवडत नाही, यादी मोबाईलवर येते आणि सोमवारी तिच्या जागी पुढची येते. माझ्या खोक्यातले प्रोग्रॅम मी हल्ली वेगळ्या क्रमाने वाचतो. आधी मधलं पान उघडतो, पाच नंबर कोण होता ते पाहतो.