पिला आणि आपले गावकूस

सायप्रस हे भूमध्य समुद्रातले बेट १९६० साली इंग्रजांच्या ताब्यातून सुटले. तीनच वर्षांत तिथे ग्रीक आणि तुर्की समाजांत रक्तपात सुरू झाला. डिसेंबर १९६३ मध्ये एका इंग्रज सेनाधिकाऱ्याने नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली आणि निकोसिया शहर दुभंगले. १९७४ च्या तुर्की आक्रमणानंतर फाळणी बेटभर पसरली.

दोन बाजूंमधल्या राखीव पट्ट्यात पिला नावाचे लहान गाव आहे. दोन्ही समाज तिथे आजही राहतात. मुखिया दोन, शाळा वेगळ्या; चौक एक, आणि त्यावर संयुक्त राष्ट्रांची नजर. या शांतिसेनेचे नेतृत्व ग्यानी, थिमय्या आणि प्रेमचंद या तीन भारतीय सेनानींनी वेगवेगळ्या काळात केले. पिला काही स्वर्ग नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये रस्त्याच्या कामावरून तिथे शांतिसैनिकांना मारहाण झाली. पण तिथली फूट कागदावर आहे, म्हणून तिचा जाब विचारता येतो.

आता आपल्याकडे पाहा. १९८१ साली जालना जिल्हा वेगळा झाला, त्याची हद्द राजपत्रात आली. गावाच्या आतली हद्द मात्र कोणत्याच राजपत्रात नाही. तलाठ्याच्या नकाशात गावठाण सापडते, शिव सापडते. गावकुसाबाहेर आमचे वाडे कोणी ढकलले, हे सापडत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत खेड्याच्या गौरवाचे ढोंग उघडे पाडले ते यासाठीच.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरे पेटली. जाळणाऱ्यांना नकाशा लागला नाही. कोणाचे घर कुठे, हे गावाच्या रचनेनेच त्यांना सांगून ठेवले होते. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. डिसेंबर २०२० मध्ये शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगलेच झाले. पण पाटी बदलल्याने वस्तीची जागा बदलत नाही.

मग करायचे काय? महाविद्यालयातल्या मुलामुलींनी आपापल्या गावाचा नकाशा स्वतः काढावा. पाणवठा कुठे, स्मशान कोणाचे कुठे, डांबरी रस्ता कुठे संपतो, गायरानावर कोणाचा ताबा, हे सारे त्यात भरावे. तो ग्रामसभेत मांडावा. जी रेघ सगळ्यांना दिसते आणि कोणीच कबूल करत नाही, ती आधी कागदावर आणली पाहिजे. पुसण्याचे काम त्यानंतरच सुरू होईल.