शेवटचं कधी दिसलं?

माणूस हरवल्याची तक्रार घेऊन कुणी पोलीस ठाण्यात गेलं, की ठाणे अंमलदार पहिला प्रश्न हाच विचारतो: शेवटचं कधी दिसलं, कुठे, कुणी पाहिलं? पुढचा सगळा तपास या उत्तरावर उभा राहतो. 8 मार्च 2014 च्या पहाटे 239 माणसांबद्दल हाच प्रश्न विचारायचा होता. तो उशिरा विचारला गेला आणि त्याचं पहिलं उत्तर चुकीचं मिळालं. खालच्या वेळा मलेशियाच्या आहेत. आपलं घड्याळ त्यांच्या अडीच तास मागे.

रात्री 12.42. क्वालालंपूरहून बीजिंगला जाणारं मलेशिया एअरलाइन्सचं एमएच 370, बोइंग 777, धावपट्टीवरून उठलं. 227 प्रवासी, 12 कर्मचारी. निम्म्याहून जास्त प्रवासी चिनी; भारतीय पाच, आणि त्यांत मराठी माणसंही होती. आपल्याकडे अजून 7 तारीख होती, रात्रीची जेवणं उरकली होती.

1.07. विमानाच्या यंत्रणेने आपोआप अहवाल धाडला. सगळं ठीक, टाकीत सुमारे 43,800 किलो इंधन. पुढचा अहवाल अर्ध्या तासाने यायचा होता. तो आलाच नाही.

1.19. क्वालालंपूरच्या नियंत्रकाने निरोप दिला: आता हो ची मिन्हशी बोला. कॉकपिटमधून उत्तर आलं, 'गुड नाइट, मलेशियन थ्री सेव्हन झिरो.' हे शेवटचे शब्द. जगाला आधी सांगितले गेले ते वेगळेच, 'ऑल राइट, गुड नाइट'. दुरुस्ती व्हायला तीन आठवडे लागले. साध्या चोरीच्या गुन्ह्यातसुद्धा जबाब शब्दशः उतरवून घेतात, आणि इथे ध्वनिफीत हाताशी होती.

1.21. मलेशियाची हद्द संपून व्हिएतनामची सुरू होते, त्या सांध्यावर विमान नियंत्रकांच्या पडद्यावरून पुसलं गेलं. आपली ओळख कळवणारा ट्रान्सपाँडर बंद झाला होता. इकडच्यांच्या मते विमान तिकडे गेलं होतं, आणि तिकडच्यांकडे ते अजून पोचलंच नव्हतं.

1.39. हो ची मिन्हने क्वालालंपूरला विचारलं, विमान कुठे आहे? ठरलेल्या कराराप्रमाणे हे पाच मिनिटांत विचारायला हवं होतं. तोवर अठरा मिनिटं गेली होती. एवढ्या वेळात विमान उलटं वळून मलय द्वीपकल्प ओलांडायला लागलं होतं. लष्कराच्या रडारवर तो ठिपका उमटत होता. तो आपलाच, मित्राचाच म्हणून सोडून दिला गेला.

1.52. पेनांगजवळ सहवैमानिकाच्या मोबाइलची नोंद जमिनीवरच्या टॉवरने क्षणभर घेतली. फोन लागला नाही, कुणी बोललं नाही. आज बेपत्ता माणसाचं टॉवर लोकेशन पोलीस सर्वांत आधी मागवतात. ही नोंदही होती. पण त्या रात्री हा दुवा शोधायचा आहे हेच कुणाच्या ध्यानात नव्हतं.

2.03. विमान कंपनीच्या कार्यालयाने नियंत्रकांना कळवलं, विमान कंबोडियाच्या आकाशात आहे. ही माहिती विमानाकडून आलेली नव्हती. उड्डाणाच्या आराखड्यावरून संगणक पडद्यावर विमान पुढे सरकवत होता आणि त्या चित्रालाच सगळे विमान समजत होते. ही चूक कबूल व्हायला साडेतीन वाजले. माझ्या मते त्या रात्रीची सर्वांत महाग चूक हीच. चुकीचा साक्षीदार मिळाला की खऱ्याचा शोध थांबतो.

2.22. लष्करी रडारवरची शेवटची खूण, मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या उत्तर टोकाला, अंदमानच्या दिशेने. तीन मिनिटांनी विमानातल्या उपग्रह यंत्राने पुन्हा जोडणी मागितली. मधल्या काळात त्याची वीज बहुधा तुटली होती.

2.39. जमिनीवरून उपग्रहामार्फत फोन लावला. कुणी उचलला नाही.

3.41, 4.41, 5.41, 6.41. दर तासाला जमिनीवरच्या केंद्राने उपग्रहामार्फत विचारलं, आहेस का? यंत्राने प्रत्येक वेळी उत्तर दिलं, आहे. कुठे आहे ते त्यात नव्हतं. पण संकेताला लागलेल्या वेळेवरून उपग्रहापासूनचं अंतर काढता येत होतं. हे गणित मांडायला पुढे बरेच दिवस गेले. शोधपथकाला कामाला लावलं ते 5.30 ला, म्हणजे विमान पडद्यावरून गेल्यावर चार तासांनी.

6.30. बीजिंगला उतरायची वेळ. न्यायला आलेली माणसं उभी होती.

7.13. दुसरा फोन. तोही कुणी उचलला नाही.

7.24. कंपनीने जाहीर केलं, 2.40 वाजता संपर्क तुटला. ही वेळ चूक होती. आणि हे निवेदन वाचलं जात होतं तेव्हा विमान अजून हवेतच होतं, हे मला आजही सहन होत नाही. त्यानंतर जहाजं आणि विमानं धावली ती दक्षिण चीन समुद्रात, नेमक्या उलट्या बाजूला. दक्षिण हिंदी महासागराचं नाव अधिकृतपणे यायला 24 मार्च उजाडला. ब्लॅक बॉक्सच्या संकेतयंत्राची बॅटरी तेव्हा साधारण तीस दिवसांची असे.

पोलिसांनी मग जे करायचं ते केलं. अपहरण, घातपात, मानसिक त्रास, खासगी अडचणी, अशा चार वाटा धरल्या. शेकड्याहून जास्त जबाब घेतले. चोरीच्या पासपोर्टवर चढलेल्या दोन इराणी तरुणांचा माग काढला. ते आश्रय शोधायला निघालेले निघाले. मालातल्या मँगोस्टीन फळांचीही चौकशी झाली. कप्तानाच्या घरचा सिम्युलेटर उचलून नेला. त्यात दक्षिण हिंदी महासागरापर्यंतच्या खुणा सापडल्या, पण त्यावरून अधिकृत तपासाने कुणाला दोषी धरलं नाही. जुलै 2018 च्या अहवालाने म्हटलं, कारण ठरवता येत नाही. नातेवाइकांच्या हाती त्यापूर्वीच, जुलै 2015 मध्ये, रियुनियन बेटावर वाहून आलेला पंखाचा एक तुकडा आला होता.

8.11. यंत्र म्हणालं, आहे.

8.19. यंत्राने स्वतःहून पुन्हा जोडणी मागितली. इंधन संपल्यावर वीज गेली आणि क्षणभर परत आली, असा तज्ज्ञांचा अर्थ. आपल्याकडे पहाटेचे पावणेसहा वाजून गेले होते, शनिवार होता.

9.15. जमिनीवरच्या केंद्राने पुन्हा विचारलं, आहेस का? उत्तर आलं नाही.