‘पगार’ शब्दाचे लॅटिन कूळ

महिनाअखेर जवळ आली, की मराठी घरात ‘पगार झाला का?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. या प्रश्नातील ‘पगार’ हा शब्द इतका आपला झाला आहे, की तो परका असल्याची शंकाही येत नाही. प्रत्यक्षात तो पोर्तुगीज भाषेतून आला. पोर्तुगीजमध्ये ते नाम नाही, तर ‘पैसे चुकते करणे’ या अर्थाचे क्रियापद आहे. त्याहूनही विशेष म्हणजे, या शब्दाच्या मूळ अर्थाचा पैशाशी काहीच संबंध नव्हता.

लॅटिनमध्ये ‘पाक्स’ म्हणजे शांतता. त्यावरून ‘पाकारे’ हे क्रियापद तयार झाले. त्याचा अर्थ शांत करणे. रोमन लोक तो शब्द जिंकलेल्या प्रदेशांसाठीही सर्रास वापरत. ज्युलियस सीझरने गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या आसपासचा मुलूख, ‘शांत’ केल्याचे लिहिले आहे. पण ती शांतता तलवारीची होती. पुढील काळातील लॅटिनमध्ये याच क्रियापदाचा अर्थ ‘घेणेकऱ्याचे समाधान करणे’ असा झाला. दाराशी तगादा लावणारा घेणेकरी पैसे हाती पडताच शांत होतो, हा व्यवहारातला अनुभव या अर्थांतरामागे आहे.

लॅटिनपासून निघालेल्या भाषांना ‘रोमान्स भाषा’ म्हणतात. या नावाचा संबंध प्रणयाशी नसून रोमशी आहे. या बहिणींनी ‘पाकारे’ आपापल्या परीने सांभाळला. स्पॅनिश, पोर्तुगीज व कॅटलानमध्ये मधल्या ‘क’चा ‘ग’ होऊन ‘पागार’ झाले, तर इटालियनमध्ये ‘पागारे’. फ्रेंचमध्ये तो ‘ग’ही झिजला आणि ‘पेये’ उरले. इंग्रजीतील ‘पे’ हा शब्द फ्रेंचमधूनच गेला.

जुना अर्थ मात्र पूर्णपणे पुसला गेला नाही. इटालियनमध्ये ‘पागो’ म्हणजे तृप्त, आणि ‘आप्पागारे’ म्हणजे इच्छा पुरविणे. स्पॅनिशमध्ये स्वतःवरच खूश असलेल्या माणसाला ‘स्वतःपुरता पागादो’ अशा अर्थाने संबोधतात. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमधील ‘आपागार’ म्हणजे दिवा किंवा आग विझविणे. स्पॅनिशमध्ये तहानही ‘आपागार’ केली जाते. मराठी वाचकाला हे नवल वाटू नये. आपणही तहान ‘भागवितो’ आणि देणेही ‘भागवितो’.

या कुटुंबात रुमानियनची वाट सर्वांत वेगळी आहे. तेथे ‘पाक्स’च्या कुळातील ‘इम्पका’ या क्रियापदात ‘क’ टिकून आहे आणि अर्थही. ‘इम्पका’ म्हणजे समेट घडविणे, भांडण मिटविणे. पैसे देण्यासाठी रुमानियन माणूस ‘प्लती’ म्हणतो आणि तो शब्द स्लाव्हिक भाषांतून घेतलेला आहे. म्हणजे एकाच मुळाचा शब्द लिस्बनमध्ये दुकानदाराचे पैसे चुकवितो, तर बुखारेस्टमध्ये रुसलेल्या भावांचे मन जुळवितो.

दिसायला सारखा म्हणून प्रत्येक शब्द याच घरातला समजण्याचे कारण नाही. स्पॅनिशमध्ये ‘पागो’ म्हणजे रक्कम चुकती करणे. पण तेथेच ‘पागो’ म्हणजे शेतजमिनीचा वा द्राक्षमळ्यांचा ठरावीक भागही होतो. हा दुसरा शब्द लॅटिन ‘पागुस’ म्हणजे ग्रामीण परगणा यापासून आला. देश या अर्थाचा फ्रेंच ‘पेई’ हा शब्दही त्याच परिवारातला आहे. ‘पेये’शी त्याचे केवळ ध्वनिसाम्य.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवे जिंकले आणि १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे आली. वसई १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतली, गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला. पण चावी, पाव, लिलाव यांसारखे शब्द येथेच राहिले. ‘पगार’ही राहिला, मात्र मराठीने क्रियापदाचे नाम केले आणि अर्थ आखडता घेतला. वाण्याचे बिल चुकते केले, तर त्याला आपण पगार म्हणत नाही. केलेल्या कामाचा नियमित मोबदला तेवढाच पगार.

अभिजात लॅटिनमध्ये देणे देण्यासाठी आणखी एक शब्द होता, ‘सोल्वेरे’. त्याचा मूळ अर्थ गाठ सोडविणे. मराठीतले ‘फेडणे’ नेमके हेच सांगते. वस्त्र फेडतात आणि कर्जही फेडतात. दोन भाषांनी देण्याला बंधन मानले, हा योगायोग बोलका आहे.

‘पाकारे’ने मात्र देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याकडे पाहिले. देणे पूर्ण झाले की नाही, हे घेणाऱ्याच्या समाधानावरून ठरे. काम करून महिना लोटला आणि पगार रखडला, की घरात जी अस्वस्थता येते, ती अनुभवलेल्यांना हा अर्थ शब्दकोशाविनाही कळतो.