पशुधनहानी मदत (पनवेल तालुका)

नैसर्गिक आपत्तीत दगावलेल्या जनावराच्या जागी दुसरे घेता यावे, यासाठी शासन पशुपालकाला देत असलेले अर्थसाहाय्य. पनवेल तालुक्यात ते रायगड जिल्हा प्रशासनाच्या अखत्यारीत, तहसील कार्यालयामार्फत मिळते.

पार्श्वभूमी : माथेरानच्या डोंगररांगा आणि खाडीपट्टा यांच्यामध्ये वसलेल्या या तालुक्यात गाढी, कासाडी या नद्यांना पावसाळ्यात पूर येतो. शहरीकरण झपाट्याने झाले, तरी गावे व आदिवासी वाड्यांमध्ये गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या पाळल्या जातात. २६ जुलै २००५ ची अतिवृष्टी आणि ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ या रायगड जिल्ह्याने अनुभवलेल्या मोठ्या आपत्ती होत.

कायदेशीर आधार : आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार राज्य आपत्ती प्रतिसाद निधी उभारण्यात आला. महाराष्ट्रात त्यात केंद्राचा ७५ व राज्याचा २५ टक्के वाटा असतो. पूर, चक्रीवादळ, दरड कोसळणे, ढगफुटी इत्यादी केंद्राने ठरवलेल्या आपत्तींबरोबरच अवेळी पाऊस, अतिवृष्टी व वीज कोसळणे यांनाही राज्याने आपत्ती मानले आहे.

दर : २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांनुसार दुधाळ गाय किंवा म्हशीसाठी ३७,५०० रु., बैलासारख्या ओढकामाच्या जनावरासाठी ३२,००० रु., वासरू, गाढव, शिंगरू यांसाठी २०,००० रु. आणि शेळी, मेंढी, डुक्कर यांसाठी ४,००० रु. मिळतात. एका कुटुंबाला तीन मोठ्या किंवा तीस लहान दुधाळ जनावरांची किंवा तीन मोठ्या किंवा सहा लहान ओढकामाच्या जनावरांची मर्यादा आहे. कोंबडीमागे १०० रु., पण कुटुंबाला जास्तीत जास्त १०,००० रु. दिले जातात. पडलेल्या गोठ्यासाठी ३,००० रु. वेगळे मिळतात.

कार्यपद्धती : जनावर दगावताच पशुपालकाने तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी) कळवावे लागते. घटनास्थळी पंचनामा होतो आणि पशुवैद्यकीय अधिकारी शवविच्छेदन करून मृत्यूचे कारण लिहून देतात. पुरात वाहून गेलेल्या जनावराचे शव बहुधा हाती लागत नाही. अशा वेळी पंचनाम्यातील जबाब व जनावराची आधीची नोंद यांना महत्त्व येते. राज्यात १ जून २०२४ पासून कानातील बारा अंकी टॅगशिवाय भरपाई न देण्याचा नियम झाल्याने ही नोंद आपत्तीपूर्वीच करून घेणे आवश्यक ठरते. मंजूर रक्कम लाभार्थ्याच्या बँक खात्यात थेट जमा होते.

मर्यादा : ही मदत बाजारभावाने दिलेली भरपाई नव्हे. चांगल्या दुभत्या म्हशीची किंमत ३७,५०० रुपयांहून बरीच अधिक असते आणि नवे जनावर येईपर्यंत बुडालेल्या दुधाचा हिशेब कोणत्याच निकषात नाही. कोंबड्यांची मदत शंभर पक्ष्यांपाशी थांबते. त्यामुळे परसातल्या खुराड्याला ती पुरते, हजारो पक्ष्यांच्या शेडला नाही. ही उणीव पशुधन विम्याने काही अंशी भरून निघू शकते. रोगाने झालेले मृत्यू या निकषांत बसत नाहीत. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाने दगावलेल्या गोवंशासाठी राज्याने स्वतंत्र मदत दिली. वन्य प्राण्यांनी मारलेल्या जनावरांची भरपाई वन विभाग देतो.

अलीकडील बदल : ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यातील अतिवृष्टी व पुरासाठी जाहीर झालेल्या पॅकेजात तीन जनावरांची अट शिथिल करण्यात आली. त्यामुळे अख्खा गोठा गमावलेल्या पशुपालकाला प्रत्येक जनावरामागे मदत मिळण्याची वाट मोकळी झाली.